मोटारीचें अस्तर

पावसाळा सरला कीं कोंकणांतील मोटारवाल्याचें लक्ष मडगार्डाच्या कडेकडे जातें. रंग फुगलेला असतो. नखानें दाबतांच पापुद्रा सुटतो व खालीं गंज दिसतो. एवढ्याशा कामासाठीं कारखाना कशाला, असें मनांत आलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र रंगाखालीं जें अस्तर द्यावयाचें, ज्यास बाजारांत प्रायमर म्हणतात, त्याची निवड पत्र्याप्रमाणेंच स्वतःच्या फुप्फुसांकडे पाहूनही केली पाहिजे.

प्रथम पत्र्याचें पाहूं. उघड्या लोखंडावर एच प्रायमर चांगला. त्यांतील फॉस्फरिक आम्ल धातूचा पृष्ठभाग किंचित् खाऊन तेथें पकड धरतें. त्यावर थेट लांबी मात्र भरूं नये, ती सुटते. ओरखडे बुजविणारा जाड थराचा प्रायमर स्पंजासारखें पाणी पितो. तो मारून मोटार पावसांत उभी ठेवणाऱ्यास कांहीं दिवसांनीं पुन्हां गंज भेटतो, आणि दोष बिचाऱ्या दुकानदारास लागतो!

आतां फुप्फुसांचें. कारखान्यांतील प्रायमर पुष्कळदां दोन डब्यांचा असतो. दुसऱ्या डब्यांत हार्डनर. तो मिसळला कीं थर लवकर कठीण होतो व सुरेख घांसतां येतो, म्हणून हौशी माणसास त्याचा मोह पडतो. पण अशा अनेक हार्डनरांत आयसोसायनेट जातीचीं द्रव्यें असतात. १९८४ सालीं भोपाळमध्यें सुटलेला वायु याच कुळांतला. हार्डनरमधील द्रव्यें त्याहून निराळीं, कमी उडणारीं. तरी फवारतांना त्यांचे सूक्ष्म तुषार श्वासांत जाऊन दमा जडूं शकतो, आणि एकदां जडला म्हणजे पुढें अल्पशा संपर्कानेंही झटका येतो. यांत मोठी फसगत अशी कीं, अपायकारक प्रमाण हवेंत असूनही नाकास त्याचा वास येत नाहीं. वास येतो तो थिनरचा. अशा फवारणीस बाहेरची शुद्ध हवा नळीनें पुरविणारा मुखवटा लागतो. घरीं तो कोठून आणणार? डब्यावर आयसोसायनेट हा शब्द दिसला तर तें काम सरळ रंगशाळेकडे सोंपवावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

घरीं एका डब्याचा, हार्डनरविरहित प्रायमर घ्यावा. तोही निरुपद्रवी नव्हे. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाहीं. सेंद्रिय वाफेसाठीं केलेला, कोळशाच्या डब्या व तुषार अडविणारी गाळणी असलेला मुखवटा हवा, आणि दाढी असल्यास तोही चेहऱ्यास घट्ट बसत नाहीं. थिनरची वाफ हवेपेक्षां जड असल्यानें जमिनीलगत साचते. जवळची शेगडी, गीझरची ज्योत किंवा पंख्याची ठिणगी तिला पुरते. म्हणून काम उघड्या अंगणांत करावें, आणि मुलांना लांब ठेवावें. जुन्या गाडीवर पिवळा अस्तर निघाला तर तो झिंक क्रोमेटचा असूं शकतो. त्याची धूळ कर्करोगकारक आहे. तो कोरडा घांसूं नये.

फवाऱ्याचा डबा वीतभर अंतरावर धरून, हात चालता ठेवून पातळ थर द्यावे. पुढचा पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. दोन थरांत डब्यावर सांगितलेला वेळ जाऊं द्यावा. वाळला कीं नाहीं, याचें उत्तर कांचकागद देतो: कोरडी भुकटी उडाली तर वाळला, कागदावर गोळे चिकटले तर आणखी एक दिवस थांबावें.