न्यूट्रॉनग्रहणाचे मोजमाप

इंदूरच्या सराफ्यात तराजूवर पडणारे सोने मुळात आले कोठून, असे वर्गातील एखाद्या मुलाने विचारले, तर 'खाणीतून' एवढ्यावर आजच्या शिक्षकाची सुटका होत नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून, असे तो सांगतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा एका टकरीच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या, आणि मागाहून दिसलेल्या प्रकाशात जड मूलद्रव्ये घडल्याच्या खुणा आढळल्या. उत्तराची दिशा बरोबर आहे. मात्र सोने किती घडले हे सांगणारे गणित ज्या आकड्यांवर उभे आहे, त्यांतील बहुतेक आकडे प्रत्यक्ष मोजलेलेच नाहीत, हे शिक्षकाने जाणून असावे असे आम्हांस वाटते.

लोहाहून जड मूलद्रव्ये बहुतांशी न्यूट्रॉन ग्रहण करून घडतात. अणुगर्भाने एक न्यूट्रॉन सामावून घेतला की त्याचा भार एकाने वाढतो व जादा ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. पुढे आतील एखाद्या न्यूट्रॉनाचा प्रोटॉन झाला, की मूलद्रव्यच पालटते. १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल (आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू ते हेच) यांनी या घडणीच्या संथ व शीघ्र अशा दोन रीती मांडल्या. संथ रीतीत दोन ग्रहणांमध्ये वर्षे लोटतात; शीघ्र रीतीत सारा खेळ क्षणांचा.

स्थिर अणुगर्भाचे ग्रहण मोजावयाचे तर त्या द्रव्याचा पत्रा न्यूट्रॉनांच्या झोतात धरतात आणि ते सोन्याच्या ग्रहणाशी ताडून पाहतात. एरवी कसोटीवर सोने घासावे. येथे सोनेच कसोटी झाले आहे! परंतु ज्याचे आयुष्य सेकंदाहूनही कमी, त्याचा पत्रा कसा करावा? उलट न्यूट्रॉनांचेच लक्ष्य करावे, तर मोकळ्या न्यूट्रॉनांपैकी निम्मे सुमारे १० मिनिटांत नाहीसे होतात.

तेव्हा आडवाट धरावी लागते. तिचा एक उत्तम नमुना मुंबईचा आहे. प्रोटॅक्टिनियम-२३३ चे अर्धायुष्य सुमारे २७ दिवस. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संशोधकांनी कुलाब्याच्या पेलेट्रॉन यंत्रातून लिथियम-६ चे कण थोरियम-२३२ वर सोडले. लिथियमाचा एक तुकडा थोरियमात शिरला, उरलेला अल्फा कण बाहेर पडला, आणि प्रोटॅक्टिनियम-२३४ तयार झाले. प्रोटॅक्टिनियम-२३३ ने न्यूट्रॉन घेतला असता नेमके हेच घडले असते. त्याचे विखंडन किती वेळा होते ते मोजून, युरेनियमाच्या ज्ञात विखंडनाशी ताडून, २००८ साली त्यांनी आकडा प्रसिद्ध केला. हेतू ताऱ्यांचा नव्हता, थोरियमावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांचा होता. शिवाय तेथे मोजले ते विखंडन, ग्रहण नव्हे. युक्ती मात्र तीच.

ग्रहणाच्या बाबतीत ही युक्ती अवघड होते. संयुक्त अणुगर्भ आपला जन्म विसरतो, असे नील्स बोरने १९३६ साली मांडले. पण आपली गिरकी तो विसरत नाही. मंद न्यूट्रॉन गर्भाला फारसा फिरवीत नाही, लिथियमाचा तुकडा मात्र गरगर फिरवतो, आणि अशा गर्भातून न्यूट्रॉन निसटणे कठीण होऊन गॅमा किरणांचे प्रमाण वाढते. ते जसेच्या तसे धरले तर ग्रहणाचा आकडा फुगतो. २०१९ साली मोलिब्डेनम-९५ वर या गिरकीचा हिशेब करून काढलेला आकडा प्रत्यक्ष मापनाशी जुळला. मोलिब्डेनम-९५ स्थिर आहे, म्हणूनच हा पडताळा शक्य झाला. शीघ्र रीतीच्या वाटेवरील गर्भ स्थिरतेपासून फार दूरचे. त्यांपैकी कित्येक तर अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत निर्माणच झालेले नाहीत.