भाड्याच्या जागेतले घरचे दप्तर

बडोद्यात ज्यांची चार-पाच पिढ्यांची वस्ती झाली, अशा मराठी घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी हमखास असते. तिच्यात दरबारी नेमणुकीचे हुकूम, लग्नाच्या याद्या, मोडीतले जमाखर्च आणि कडेला वाळवीने चाखलेली आजोबांची पत्रे. पेटी उघडायला कोणाला सवड नसते, आणि टाकून द्यायचे म्हटले तर कोणाचा हात धजत नाही.

आमच्या घरची पेटी उघडली ती आमच्या काकांनी. मास्तरकीतून मोकळे झाल्यावर त्यांनी हे व्यसन लावून घेतले. घरात मोडी वाचणारे ते शेवटचे. २००७ साली ओळखीच्या एका तरुणाकरवी त्यांनी घराण्याच्या नावाचे संकेतस्थळ काढले. एकेका कागदाचे छायाचित्र, त्याखाली देवनागरीतले लिप्यंतर, आणि शेवटी ‘हे गणपतराव म्हणजे धाकट्या पातीचे’ अशा थाटाची एखादी टीप. होता होता चाळीस पाने झाली. इंदूर-ग्वाल्हेरचे विसरलेले नातलगही ती वाचून पत्रे धाडू लागले.

काका २०१५ साली गेले. पुढे दोन वर्षांनी त्यांच्या नातीने तो पत्ता उघडला, तो घराण्याच्या नावाखाली कसल्याशा परदेशी जुगाराची जाहिरात!

चौकशीअंती उलगडा झाला तो असा. नाव नोंदले होते त्या तरुणाच्या नावावर, त्याच्याच ई-मेलवर. दरसाल पैसे भरण्याची स्मरणपत्रे तेथे जात. तो नोकरीनिमित्त दूर गेला आणि ती पेटी बंद पडली. मुदत संपली, नाव मोकळे झाले, दुसऱ्या कोणी ते उचलले. जागा देणाऱ्या कंपनीनेही पैसे थकले म्हणून खाते पुसले. काकांनी लिप्यंतर थेट संकेतस्थळावरच टंकले होते. घरी नक्कल नव्हती. कागद आजही पेटीत आहेत. ते वाचणारा मात्र गेला.

जुनी पाने जपून ठेवणारे ‘इंटरनेट अर्काइव्ह’ १९९६ पासून चालू आहे. त्याच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये शोधता चाळीसपैकी अकरा पाने हाती लागली. तेवढ्यावर समाधान मानून नात आता नव्याने मांडामांड करीत आहे. तिने मला विचारले, “आजोबा, विश्वासाची कंपनी कोणती?”

या प्रश्नापायी मला या वयात होस्टिंग नावाच्या धंद्याची माहिती करून घ्यावी लागली. तीत गवसले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट ही की, येथे दोन वस्तू निरनिराळ्या आहेत, आणि आपण त्यांचा घोटाळा करतो. एक पाटी, दुसरी जागा. पाटी म्हणजे संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. २०१४ पासून तर ‘.भारत’ असे देवनागरी शेपूट असलेले नावही घेता येते. जागा म्हणजे कुठल्याशा थंडगार इमारतीत अहोरात्र चालू असणाऱ्या यंत्रावरचा कोपरा. पाटी आपल्या नावावर असेल तर जागा बदलली तरी लोक त्याच पत्त्यावर येतात. पाटी दुसऱ्याची असेल, तर जागा कितीही उत्तम असो, आपण उपरेच.

म्हणून नाव घरातल्या माणसाच्या नावे, त्याच्याच ई-मेलवर घ्यावे. शक्यतो जागेच्या कंपनीकडून न घेता वेगळ्या ठिकाणी नोंदवावे. एका वेळी दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात. पासवर्ड दोघांना तरी ठाऊक असावा. तिजोरीची किल्ली कोठे आहे हे आपण थोरल्या सुनेला सांगून ठेवतो, तसेच हे.

आता जागेविषयी. ती अनेक बिऱ्हाडांच्या वाड्यासारखी असते. एका यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदतात. आपल्यासारख्याला तीच पुरते. कंपन्या ‘९९.९ टक्के वेळ चालू’ अशी हमी देतात. हिशेब केला तर उरलेल्या दशांश टक्क्यात वर्षाचे पावणेनऊ तास दार बंद राहू शकते. आपल्या काकांच्या टिपा कोणी तातडीने मागत नाही, ते चालेल. ९९ टक्के म्हणाले तर मात्र साडेतीन दिवसांहून अधिक होतात.

पहिल्या वर्षीचा भाव पाहून भुलू नये; दुसऱ्या वर्षी तो पुष्कळदा दुप्पट-तिप्पट होतो. ‘अमर्याद जागा’ या शब्दामागे बारीक अक्षरांत मर्यादा असतेच. पैसे भरण्यापूर्वी एक साधा प्रश्न लिहून पाठवावा आणि उत्तर किती वेळात, कोणत्या शब्दांत येते ते पाहावे. मुलगी पाहायला गेल्यावर घरची माणसे कशी बोलतात हेही आपण पाहतोच ना!

पण एवढे सारे पाहूनही भरवसा कोणाचा? जिओसिटीज हे नाव तरुणांना ठाऊक नसेल. १९९४ साली निघालेल्या या फुकट वसाहतीत लाखो लोकांनी आपली पाने मांडली. १९९९ साली ती याहूने विकत घेतली, आणि २००९ साली मोडून टाकली. दहा मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीची एक पाच मजली इमारत जळाली. ज्यांच्या नकलाही त्याच आवारात होत्या, अशा कित्येकांचे सर्वस्व गेले. पहिल्याला व्यापार कारण झाला, दुसऱ्याला आग. भाडेकरूचा दोष दोन्हीकडे नव्हता.

तेव्हा माझे उत्तर असे ठरले की, विश्वासाची कंपनी म्हणजे जिच्यातून सहज निघता येते ती. आपले सारे सामान एका गाठोड्यात बांधून देण्याची सोय आहे का, हे आधी विचारावे. मजकूर साध्या फाइलींत, युनिकोड देवनागरीत असावा. जुन्या खास फाँटांत टंकलेला मराठी मजकूर आज कित्येक ठिकाणी नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. आणि नकला तीन असाव्यात: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक परगावी नातलगाकडे.

ही गोष्ट आपल्या शहराला नवी नाही. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले, आणि मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबरच ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ग्रंथ एकाच इमारतीत कोंडून ठेवायचे नसतात, हे बडोद्याला शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते.

नातीने नाव स्वतःच्या नावे घेतले आहे. एक डिस्क इंदूरला आत्याकडे गेली. अकरा पाने वर चढली. उरलेल्या एकोणतीस कागदांसाठी ती रविवारी मोडी शिकायला जाते. परवा तिने मला एक ओळ वाचून दाखवली. दोन शब्द चुकले. काका असते तर त्यांनी कान धरला असता, आणि मग पाठही थोपटली असती.