डोलत्या जहाजावरून तेलविहिरीची दुरुस्ती

गावातील हातपंप नादुरुस्त झाला की दुरुस्ती पथक येते, विंधन विहिरीच्या तोंडावर तिवई उभी करते, नळ व दांडे एकामागून एक वर ओढते, सिलिंडरमधील झिजलेले वॉशर बदलते आणि सायंकाळपर्यंत पंप पुन्हा सुरू करून देते. विहीर पूर्वीच खोदलेली असते, तिला पाणीही असते. अडते ते आत शिरलेल्या गाळामुळे किंवा एखाद्या लहानशा भागामुळे. हे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना तेलविहिरीच्या दुरुस्तीची मूळ कल्पना निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

तेलविहीर एकदा खोदली म्हणजे काम संपले, असे होत नाही. खडकातून तेलाबरोबर वाळू येऊ लागते. खालच्या थरातील खारे पाणी वर सरकते व तेलाची वाट अडविते. नळीच्या आतील बाजूस मेण आणि क्षार साचतात. जमिनीखालील सुरक्षा-झडप अडकून बसते. अशा वेळी विहिरीत उपकरणे उतरवून पाण्याचा थर बंद करणे, नळीस नवी छिद्रे पाडून वरचा थर खुला करणे, आम्ल सोडून साचलेले क्षार विरघळविणे, दाब व तापमान मोजणे, निकामी झडप बदलणे अशी कामे करावी लागतात. तेल उद्योगात यांना ‘वेल इंटरव्हेन्शन’ असे म्हणतात. मराठीत ‘विहिरीवरील उपचार’ हा शब्द अधिक समर्पक ठरावा, कारण पुष्कळदा येथेही रोग्याची प्रकृती तपासण्यापासूनच प्रारंभ होतो.

पाय रोवलेला फलाट

मुंबई हाय हे तेलक्षेत्र फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन-फलाटाने शोधून काढले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर असलेल्या या क्षेत्रात समुद्राची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. एवढ्या पाण्यात पोलादी पाय समुद्रतळात रोवून फलाट उभारता येतात. विहिरीच्या नळ्या थेट फलाटापर्यंत वर आणलेल्या असतात आणि विहिरीच्या मुखावरील झडपांचा संच कामगाराच्या हाताशी असतो. फांद्यांसारख्या दिसणाऱ्या त्याच्या रचनेवरून या संचास ‘ख्रिसमस ट्री’ असे नाव पडले आहे. उपचार करावयाचा झाल्यास त्यावर यंत्रसामग्री बसवावी आणि तार खाली सोडावी. पायाखालची जमीनही हलत नाही आणि विहीरही हलत नाही, ही या व्यवस्थेची मोठी सोय होय.

पाणी खोल होत गेले की ही सोय संपते. मेक्सिकोच्या आखातात १९८८ साली ‘बुलविंकल’ नावाचा फलाट सुमारे ४१२ मीटर पाण्यात उभा करण्यात आला. त्यापुढे असे ताठ पाय उभारणे खर्चाच्या दृष्टीने परवडेनासे होते. मग फलाट तरंगता ठेवावा लागतो. काही तरंगत्या फलाटांना पोलादी दोरखंडांनी वा नळ्यांनी समुद्रतळाशी ताणून बांधतात. १९८४ साली उत्तर समुद्रातील ‘हटन’ क्षेत्रात या पद्धतीचा पहिला फलाट बसविण्यात आला. तो लाटांबरोबर वर-खाली जवळजवळ होत नसल्याने विहिरींची मुखे वर फलाटावरच ठेवता आली. परंतु खोल समुद्रातील बहुसंख्य विहिरींच्या वाट्यास हे भाग्य येत नाही. त्यांची मुखे समुद्रतळावरच असतात, एकमेकींपासून दूर विखुरलेली असतात, आणि त्यांतील तेल नळांवाटे काही किलोमीटरांवरील तरंगत्या उत्पादन-जहाजाकडे नेले जाते. विहिरीच्या बरोबर माथ्यावर पाण्याखेरीज काहीच नसते. तिच्यावर उपचार करावयाचे तर दरवेळी बाहेरून जहाज आणावे लागते.

दीड हजार मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे दीडशे किलोग्रॅमचा भार पडतो. सूर्यप्रकाश तेथे पोहोचत नाही आणि पाण्याचे तापमान चार अंश सेल्सिअसच्या जवळपास असते. पाणबुड्यांचे काम साधारणतः तीनशे मीटरच्या आतच थांबते. त्यापुढची सर्व कामे, मग ती एखादी झडप फिरविण्याइतकी साधी का असेना, केबलने जहाजाशी जोडलेल्या दूरनियंत्रित वाहनाच्या यांत्रिक हातांनी आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यांनी करावी लागतात.

स्थिर विहीर, अस्थिर जहाज

तरीही खोली ही खरी अडचण नव्हे. विहीर पृथ्वीत घट्ट रुतलेली आणि जहाज लाटांवर डोलणारे, या दोहोंना नळीने वा तारेने जोडावयाचे आहे, येथे सारा पेच आहे.

जहाज वारा व प्रवाह यांमुळे आडवे वाहवत जाते. एवढ्या खोलीत नांगर टाकून बसणे अवघड आणि वेळखाऊ असते; शिवाय समुद्रतळावर पसरलेल्या नळांना नांगराच्या साखळ्यांपासून धोका असतो. म्हणून जहाजाच्या तळाशी फिरते पंखे बसवून त्यांच्या जोरावर जहाज जागच्या जागी धरून ठेवतात. १९६१ साली मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटानजीक ‘कस-१’ या जहाजाने साडेतीन हजार मीटरहून अधिक खोल पाण्यात वेधन केले, तेव्हा रडार व ध्वनियंत्रावर दिसणाऱ्या बोयांच्या खुणा पाहून चालक चार पंखे हाताने नियंत्रित करीत असे. त्याच वर्षी ‘युरेका’ या जहाजावर हे काम स्वयंचलित यंत्रणेकडे सोपविण्यात आले. आज संगणक उपग्रहांचे संकेत आणि समुद्रतळावर ठेवलेल्या ध्वनिप्रेषकांचे उत्तर यांवरून जहाजाची जागा सतत ताडून पाहतो व पंख्यांना आज्ञा देतो. दीड हजार मीटर खोलीवर ध्वनीला खाली जाण्यास सुमारे एक सेकंद व परत येण्यास एक सेकंद लागतो. तेवढ्या विलंबाचाही हिशेब ठेवावा लागतो.

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटेल. जागेच्या बाबतीत उथळ पाणीच अधिक निष्ठुर असते. शंभर मीटर खोल पाण्यात जहाज दहा मीटर सरकले तर ते व विहीर यांना जोडणारी नळी सुमारे सहा अंशांनी कलते. दीड हजार मीटर पाण्यात तेवढ्याच सरकण्याने कल अर्ध्या अंशाहूनही कमी होतो. म्हणून विहिरीभोवती कल्पनेने दोन वर्तुळे आखलेली असतात. जहाज पहिले वर्तुळ ओलांडू लागले की काम थांबवून तयारी करावयाची आणि दुसरे वर्तुळ गाठले की नळी तोडून, विहिरीवरील झडपा बंद करून दूर व्हावयाचे. या वर्तुळांचा आकार पाण्याच्या खोलीप्रमाणे ठरतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ साली अशा जहाजांचे तीन वर्ग ठरविले. दुसऱ्या वर्गात कोणतेही एक चालू यंत्र बंद पडले तरी जहाजाने जागा सोडू नये, अशी अपेक्षा असते. तिसऱ्या वर्गात एका कक्षात आग लागली वा पाणी शिरले तरीही जागा सुटता कामा नये.

हे नियम कागदी वाटू नयेत. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायमध्ये खवळलेल्या समुद्रात एक सहायक जहाज फलाटाच्या निकट असता वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळीवर आदळले. लागलेल्या आगीत सुमारे दोन तासांत संपूर्ण फलाट नष्ट झाला आणि २२ जण प्राणास मुकले. ते काम विहिरीच्या उपचाराचे नव्हते. परंतु दाबाखालील वायू आणि जागा सोडणारे जहाज एकत्र आले म्हणजे काय घडते, हे त्या दिवशी दिसले.

आडव्या हालचालीचा बंदोबस्त पंख्यांनी होतो, उभ्या हालचालीचा होत नाही. लाटेबरोबर जहाज काही मीटर वर उचलले गेले तर विहिरीतील उपकरणही तेवढेच वर ओढले जाईल किंवा तार तुटेल. यासाठी दाबलेल्या वायूवर चालणारे मोठे दट्टे बसविलेले असतात. जहाज वर गेले की दट्टा तार सोडतो, खाली आले की ओढून घेतो. तारेवरील ताण मात्र कायम राहतो. गळाला मोठा मासा लागल्यावर अनुभवी कोळी दोर ढिला सोडून पुन्हा आवळीत राहतो, तोच हा प्रकार.

नळीचा मार्ग आणि तारेचा मार्ग

प्रत्यक्ष उपचाराचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात जहाजापासून समुद्रतळापर्यंत पोलादी नळीची एक उभी वाहिनी जोडतात. तिला ‘रायझर’ म्हणतात. ही वाहिनी म्हणजे विहीरच जहाजापर्यंत वर आणण्यासारखे असते. तिच्यातून रिळावर गुंडाळलेली लांबच लांब, लवचिक पोलादी नळी विहिरीत सोडता येते आणि त्या नळीवाटे आम्ल, सिमेंट अथवा वाळू धुऊन काढणारा द्रव खाली पाठविता येतो. कामाची व्याप्ती मोठी, परंतु जहाजही मोठे लागते, वाहिनीचे तुकडे जोडण्या-सोडविण्यात दिवस जातात आणि खर्च वेधनाच्या खर्चाच्या पंगतीस जाऊन बसतो.

दुसऱ्या मार्गात वाहिनी नसतेच. लहान जहाजावरून झडपांचा एक संच आणि त्यावर एक उंच बंद नळकांडे समुद्रतळावरील विहिरीच्या मुखावर बसवितात. उपकरण तारेला अडकवून उघड्या समुद्रातून खाली सोडतात व नळकांड्यात उतरवितात. साधी तार सुमारे तीन मिलिमीटर जाडीची असते. ती ज्या छिद्रातून आत शिरते तेथे जाड वंगण दाबाने भरीत राहतात, त्यामुळे तार सरकते परंतु विहिरीतील वायू बाहेर पडत नाही. नळकांडे बंद झाले की दाबाची चाचणी घेतात. चाचणी उतरल्यावरच विहिरीची झडप उघडते आणि उपकरण जमिनीच्या पोटात जाऊ लागते. २००० नंतरच्या दशकात नॉर्वेच्या समुद्रात ही पद्धत नित्याची झाली. तारेने होण्याजोगी कामे पुष्कळ आहेत: मापन, नवी छिद्रे, झडप बसविणे, पाण्याचा थर बंद करणारे बूच. परंतु तारेतून द्रव जात नाही, ही तिची मर्यादा.

दोन्ही मार्गांत एक शत्रू समान आहे. नैसर्गिक वायू आणि पाणी मोठ्या दाबाखाली व थंडीत एकत्र आले की बर्फासारखा घट्ट पदार्थ बनतो. तो झडपेत बसला तर झडप मिटत नाही आणि तारेभोवती बसला तर तार जागच्या जागी अडकते. म्हणून झडप उघडण्यापूर्वी त्या पोकळीतील समुद्राचे पाणी काढून मेथॅनॉल किंवा ग्लायकॉल भरतात. हा उपाय साधा आहे, पण तो विसरल्यास काही दिवसांचे काम सहज वाया जाते.

अशा जहाजाचा उपयोग नित्याच्या दुरुस्तीपुरताच नसतो. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात सुमारे दीड हजार मीटर पाण्यातील मॅकोंडो विहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार मरण पावले. १५ जुलै रोजी मुखावर नवे झाकण बसवून तेलाचा प्रवाह थांबविण्यात आला. त्यानंतर ऑगस्टच्या प्रारंभी विहिरीत वरून जड गारा भरून ती शांत करण्यात आली. हा गारा ‘क्यू-४०००’ या तरंगत्या जहाजावरून सोडण्यात आला. ते मुळात विहिरींवरील उपचारांसाठीच बांधलेले होते.

लांबणीवर पडणारा उपचार

भारताच्या दृष्टीने हा विषय पूर्व किनाऱ्यावरील आहे. गोदावरी व कृष्णा या महाराष्ट्रात उगम पावणाऱ्या नद्यांनी वाहून नेलेल्या गाळाचे जाड थर आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यापलीकडे खोल समुद्रात साचले आहेत आणि त्यांत तेल व वायू सापडले आहेत. तेथील धीरुभाई-१ व धीरुभाई-३ या क्षेत्रांतून एप्रिल २००९ मध्ये वायूचे उत्पादन सुरू झाले. २०१० नंतर ते वेगाने घसरले. पाणी व वाळू शिरल्यामुळे अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ही क्षेत्रे थांबली. घसरणीच्या कारणांविषयी शासन व कंपनी यांच्यात मोठा वाद झाला; तो येथील विषय नव्हे. येथे इतकेच लक्षात घ्यावयाचे की ज्या पाण्यावाळूचा बंदोबस्त मुंबई हायच्या फलाटावर एक तुकडी करू पाहील, त्याच कामासाठी तेथे प्रथम जहाज शोधावे लागते. ते जगात थोडी, मागणी पुष्कळ. त्यातच बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस वगळून कामाचे दिवस मोजकेच उरतात.

परिणामी समुद्रतळावरील विहिरीचा लहानसा आजार पुष्कळदा तसाच ठेवला जातो. चार-पाच विहिरींची कामे साठली म्हणजे एकदमच जहाज बोलवावे, असा हिशेब मांडतात. या कारणामुळे फलाटावरील विहिरींच्या तुलनेत अशा विहिरींतून भूगर्भातील साठ्याचा कमी हिस्सा वर येतो, ही गोष्ट या उद्योगात सर्वमान्य आहे. बंद पडलेल्या विहिरीखालचे तेल नाहीसे होत नाही. ते तेथेच राहते आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही. तारेवर चालणारी लहान जहाजे या हिशेबात महत्त्वाची ठरतात ती याचसाठी. भेट स्वस्त झाली की ती वेळेवर होते. याच खोऱ्यातील ‘९८/२’ या खंडातून ७ जानेवारी २०२४ रोजी तेल प्रथमच तरंगत्या उत्पादन-जहाजाकडे वाहू लागले. त्या विहिरी अजून तरुण आहेत. त्यांच्या दुखण्यांचे दिवस यावयाचे आहेत.

एक भेट मात्र कोणत्याही विहिरीची चुकत नाही, ती शेवटची. तेल संपले तरी विहीर उघडी टाकून चालत नाही. तरंगते जहाज पुन्हा तिच्या माथ्यावर उभे राहते, खडकातील थरांवर सिमेंटची बुचे बसविली जातात, प्रत्येक बुचाची दाबाखाली चाचणी होते. त्यानंतर समुद्रतळाच्या खाली काही मीटरवर नळ्या कापून मुखावरील झडपांचा संच वर उचलून घेतात आणि दूरनियंत्रित वाहन ती जागा मोकळी झाल्याचे चित्रण करून परतते.