वस्तुमान व वजन

पदार्थाच्या गतीत बदल होण्यास पदार्थाकडून जो विरोध (जडत्व) होतो, त्याचे माप म्हणजे वस्तुमान होय. तर पदार्थावर कार्य करणाऱ्या गुरुत्वीय प्रेरणेस वजन म्हणतात. वस्तुमान ही अदिश राशी असून तिचे एकक किलोग्रॅम आहे. वजन ही सदिश राशी असून तिचे एकक न्यूटन आहे. या दोहोंतील संबंध वजन = वस्तुमान × गुरुत्वीय प्रवेग असा आहे.

वस्तुमान स्थलपरत्वे बदलत नाही. गुरुत्वीय प्रवेग मात्र बदलतो. समुद्रसपाटीवर त्याचे मूल्य विषुववृत्ताशी सु. ९·७८०, तर ध्रुवाशी सु. ९·८३२ मी./से.² असते. पृथ्वीचे परिवलन व तिचा ध्रुवांशी चपटा असलेला आकार ही याची कारणे होत. झां रीशे यांनी १६७२ मध्ये पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे नेलेले लंबकाचे घड्याळ दररोज सु. अडीच मिनिटे मागे पडू लागले, तेव्हा हा फरक प्रथम लक्षात आला. चंद्रावर हा प्रवेग सु. १·६२ मी./से.² आहे. त्यामुळे ६० किग्रॅ. वस्तुमानाच्या मनुष्याचे पृथ्वीवर सु. ५८८ न्यूटन असणारे वजन तेथे सु. ९७ न्यूटन भरेल.

तराजूच्या दोन्ही पारड्यांवर एकच गुरुत्वीय प्रवेग कार्य करीत असल्याने तराजूने वस्तुमानांची तुलना होते व ती कोठेही सारखीच येते. ताणकाटा मात्र प्रेरणा मोजतो. विषुववृत्तावर अंशांकन केलेल्या ताणकाट्यावर १ किग्रॅ. सोने ध्रुवाशी सु. १,००५ ग्रॅम दाखवील. म्हणून सूक्ष्म इलेक्ट्रॉनीय काट्यांचे अंशांकन वापराच्या ठिकाणीच प्रमाणित वस्तुमानांच्या साहाय्याने करावे लागते. व्यवहारात ‘वजन ५ किग्रॅ.’ असे म्हटले जाते, तेव्हा वस्तुमानच अभिप्रेत असते. हा संदिग्धपणा दूर करण्यासाठी वजने व मापे यांच्या सार्वत्रिक परिषदेने १९०१ मध्ये किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून वजन ही प्रेरणेच्या स्वरूपाची राशी आहे, असे जाहीर केले.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात सर्व वस्तू मुक्तपतनात असल्याने तराजू व ताणकाटा दोन्ही निरुपयोगी ठरतात. वस्तुमान मात्र कायम राहते. स्कायलॅब या अवकाशस्थानकात (१९७३) अंतराळवीरांचे वस्तुमान स्प्रिंगला जोडलेल्या आसनाच्या आंदोलनकालावरून काढीत असत.

वजन हे पदार्थाच्या प्रकारावर अवलंबून नसून केवळ वस्तुमानाच्या प्रमाणात असते, हे गृहीत तत्त्व नसून प्रयोगसिद्ध सत्य आहे. न्यूटन यांनी सोने, लाकूड, गहू इ. पदार्थ लंबकात भरून ते हजारात एक भागाइतक्या अचूकतेपर्यंत पडताळले (१६८७). २०१६ मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप या फ्रेंच उपग्रहावरील प्रयोगांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांतही या नियमापासून ढळ आढळलेली नाही.