जुन्या मोटारसायकलीतील कार्बुरेटर व थ्रॉटल : दोषांची मीमांसा

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरांवर असलेल्या उमरेड येथे एकीकडे वेस्टर्न कोलफील्ड्सची उघडी कोळसा-खाण आहे, तर दुसरीकडे काळ्या मातीची शेते. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि धूळ बाराही महिने असते. अशा ठिकाणी जुनी मोटारसायकल वापरणाऱ्याची तक्रार बहुधा दोन प्रकारची असते. एक, गाडी ‘स्लो’ धरीत नाही. दुसरी, मूठ सोडली तरी ‘रेस’ उतरत नाही. पहिलीने मनस्ताप होतो. दुसरी मात्र, कोळशाच्या ट्रकांच्या रहदारीत, जिवावर बेतणारी ठरते.

१ एप्रिल २०२० पासून भारत-६ मानक लागू झाले व नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तथापि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात बनलेल्या जावा व येझदी, मद्रासच्या जुन्या बुलेट आणि १९८५ मध्ये आलेली हीरो होंडा सीडी १०० यांचे इंधनपोषण आजही त्यावरच अवलंबून आहे.

बर्नोलीने १७३८ मध्ये मांडलेले तत्त्व येथे उपयोगात येते. अरुंद मार्गातून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब घटतो व खालच्या कुंडीतील पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. मुठीशी केबलने जोडलेली स्लाइड हा मार्ग कमीअधिक उघडते. मूठ एक-अष्टमांशापर्यंत उघडी असता पायलट जेट व हवेचा स्क्रू, त्यापुढे एक-चतुर्थांशापर्यंत स्लाइडचा तिरपा काप, तेथून तीन-चतुर्थांशापर्यंत निमुळती सुई, आणि शेवटी मेन जेट यांचा अंमल चालतो. या सीमा काटेकोर नाहीत. परंतु निदानाची गुरुकिल्ली त्यांतच आहे. दोष कोणत्या उघडीपीत प्रकट होतो हे मुठीवर खडूच्या खुणा करून पाहिले, तर संपूर्ण कार्बुरेटर खोलण्याची घाई करावी लागत नाही. दुर्दैवाने बहुतेक दुरुस्त्यांचा आरंभ खोलण्यापासूनच होतो.

जेट तारेने कोरण्याची सवय तर विशेष घातक होय. १ मिलिमीटरचे छिद्र केवळ ०.०५ मिलिमीटरने वाढले, तरी त्याचे क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढते. जेट द्रावकात भिजवून हवेच्या झोताने साफ करावे, हेच योग्य.

रेस न उतरण्याची कारणे दोन गटांत पडतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिल्या गटात स्लाइडच खाली येत नाही. केबलचे धागे तुटलेले असतात, फाटक्या एअर फिल्टरमधून आलेली धूळ स्लाइडला खरवडते, किंवा जोडाचे नट अतिरेकी आवळल्याने कार्बुरेटरचे अंग किंचित वाकून स्लाइड अडकते. इंजिन चालू असता हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवावे. त्यासरशी रेस वाढली, तर केबलला पुरेसा ढील नाही असे समजावे. मुठीशी २ ते ३ मिलिमीटर ढील असणे इष्ट. दुसऱ्या गटात स्लाइड तळाशी टेकलेली असूनही रेस चढलेली राहते. येथे इंजिनाकडील जोडातून हवा शिरत असते व मिश्रण विरल होते. जोडावर थोडे इंजिन ऑइल लावताच आवाज बदलला, तर गळती तेथेच आहे. या परीक्षेसाठी तापल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणे म्हणजे आगीला निमंत्रण. आणि धावत्या गाडीत रेस अडकलीच, तर प्रथम क्लच दाबून लगेच चावी बंद करावी. मुठीशी झगडण्यात वेळ दवडू नये.

अलीकडे या प्रश्नात इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमधील त्याचे प्रमाण देशात २०२२ मध्ये १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. निव्वळ पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिश्रणास म्हणून सुमारे १३.५ पट पुरते. जेट मात्र पूर्वीइतकेच इंधन देते, त्यामुळे मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी विरल होते. उलटपक्षी, कार्बुरेटरमधील हवा-इंधन गुणोत्तर हवेच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. १५ अंशांवरून ४५ अंशांवर जाता घनता ९ टक्क्यांहून थोडी अधिक घटते व मिश्रण सुमारे ५ टक्क्यांनी समृद्ध होते. म्हणजे वैदर्भीय उन्हाळा इथेनॉलचा परिणाम बराचसा झाकतो. पौषातील पहाटे तो उघडा पडतो. त्यातच इथेनॉलच्या बाष्पीभवनास दुपटीहून अधिक उष्णता लागते. मे महिन्यात निर्दोष चालणारी गाडी डिसेंबरात खोकू लागते ती यामुळे, आणि दोष विनाकारण प्लगला दिला जातो.

उपाय सोपा आहे. सुईवरील क्लिप एक खाच खाली बसवावी, म्हणजे सुई वर उचलली जाते. स्क्रू स्लाइडच्या हवेकडील बाजूस असल्यास तो पाव फेरा आत घ्यावा. इंजिनाकडील बाजूस असल्यास पाव फेरा बाहेर. इथेनॉल पाणी शोषते व जुन्या रबरास फुगविते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कुंडीतील इंधन काढून टाकावे आणि ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घालावी.