कृष्णद्रव्याच्या कणाचा भूगर्भात शोध

आकाशगंगांच्या बाह्य भागातील तारे अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने परिभ्रमण करतात, हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांच्या १९७०च्या दशकातील निरीक्षणांतून स्पष्ट झाले. दृश्य द्रव्याचे गुरुत्वाकर्षण या ताऱ्यांना धरून ठेवण्यास अपुरे आहे. अशा विविध निरीक्षणांवरून विश्वातील सुमारे ८५ टक्के द्रव्य अदृश्य असल्याचे मानले जाते. त्यालाच कृष्णद्रव्य अर्थात डार्क मॅटर म्हणतात. मात्र ते कोणत्या कणांचे बनले आहे, हे अद्याप अज्ञात आहे.

‘विम्प’ नावाचे जड कण हे त्याचे घटक असावेत, असा एक प्रमुख तर्क आहे. त्यांच्या शोधासाठी अमेरिकेतील साऊथ डाकोटा राज्यात, सोन्याच्या जुन्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलवर ‘लक्स-झेपलिन’ प्रयोग उभारण्यात आला आहे. तेथील ७ टन द्रवरूप झेनॉनमधील एखाद्या अणुकेंद्रकावर विम्प आदळल्यास प्रकाशाची क्षीण चमक उमटेल. वैश्विक किरणांचा अडथळा टाळण्यासाठी वरील खडकाचे आवरण उपयोगी पडते. भारतातही साहा अणुभौतिकी संस्थेने झारखंडमधील जादुगुडा येथील युरेनियमच्या खाणीत, सुमारे ५५० मीटर खोलीवर, २०१७ मध्ये अशा संशोधनासाठी प्रयोगशाळा सुरू केली.

विम्प अद्याप सापडलेला नाही. तथापि, प्रत्येक प्रयोगामुळे त्याच्या संभाव्य गुणधर्मांची कक्षा अधिक मर्यादित होत आहे. आता नवी अडचण सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंची आहे. अतिसंवेदनशील उपकरणांत त्यांच्याही खुणा उमटू लागल्याचे संकेत इटली व चीनमधील प्रयोगांतून २०२४ मध्ये मिळाले. या खुणा विम्पच्या अपेक्षित खुणांशी मिळत्याजुळत्या असल्याने दोहोंतील भेद ओळखणे, हेच यापुढे शास्त्रज्ञांसमोरील मोठे आव्हान ठरणार आहे.