गुडघेदुखी : घराण्याचा वारसा किती, आपला वाटा किती?

बालरोगतज्ज्ञाने गुडघ्यांच्या झिजेवर लिहावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु माझ्या आजीने अखेरची वर्षे भिंतीच्या आधाराने चालून काढली, आईच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि गेल्या वर्षापासून जिना उतरताना माझाही उजवा गुडघा कुरकुरू लागला आहे. "आपल्या घराण्यातच आहे हे," असे आई म्हणते. ते कितपत खरे?

ब्रिटनमधील जुळ्या बहिणींचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. एकबीज व द्विबीज जुळ्यांची तुलना करून संशोधकांनी हात व गुडघ्यांच्या अस्थिसंधिवातात आनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्के असल्याचा अंदाज मांडला. आईला हा विकार असल्यास मुलीला तो होण्याची शक्यता इतके टक्के, असा याचा अर्थ नव्हे. व्यक्ती-व्यक्तींमधील तफावतीचा किती भाग आनुवंशिक आहे, एवढेच तो आकडा सांगतो.

शिवाय येथे थॅलेसेमियाप्रमाणे एकच जनुक कारणीभूत नसते. अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र येतात. त्यांपैकी 'जीडीएफ-५' हे जनुक गर्भावस्थेत सांधे घडविण्याच्या कामी येते. त्याच्या एका सर्रास आढळणाऱ्या प्रकारात त्याचे कार्य किंचित मंदावते व उतारवयातील झिजेचा धोका थोडा वाढतो. साठीत दुखणाऱ्या गुडघ्याची कथा अशी कधी कधी मातेच्या उदरातच सुरू होते.

जनुके बदलता येत नाहीत. वजन मात्र बदलता येते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९९२ च्या अहवालानुसार, दहा वर्षांत सुमारे ५ किलो वजन घटलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या त्रासदायक अस्थिसंधिवाताचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाला. मांडीचे स्नायू बळकट ठेवणे व तरुणपणी गुडघ्याला झालेल्या दुखापतीवर वेळीच उपचार करणे, हेही आपल्याच हाती आहे.

म्हणूनच हा विषय मला माझा वाटतो. लठ्ठ नातवाला घेऊन, स्वतः लंगडत येणारी आजी जेव्हा "बाळसे आहे हो डॉक्टर" म्हणते, तेव्हा मी तिच्याही गुडघ्यांची चौकशी करतो. तिच्याकडून नातवाला काय आले, ते मला पुसता येणार नाही. त्याच्या ताटात काय वाढायचे आणि त्याला मैदानावर कधी पाठवायचे, हे मात्र आम्ही दोघे मिळून ठरवू शकतो.

आईला मी एवढेच सांगितले, "घराण्यात आहे, हे खरे, पण सगळेच घराण्यावर ढकलता येणार नाही." आणि सायंकाळी फिरावयास निघालो.